एकसष्टाव्या कौशल्याचा रिकामा चौकोन

परिचारिका प्रशिक्षण विद्यालयाची नियमपुस्तिका एकशे बारा पानांची होती, आणि तिच्यात 'रुग्ण' हा शब्द प्रथम एकोणचाळिसाव्या पानावर येत असे. तोवरच्या अडतीस पानांत प्रवेश, अर्हता, उपस्थिती, गणवेश, नखे, शिस्त आणि अपील यांचे विवेचन इतके सांगोपांग केले होते की, रुग्ण येईपर्यंत वाचणाऱ्यालाच अंथरूण धरावेसे वाटे. ग्रंथ थोर होता. थोर ग्रंथांच्या रीतीप्रमाणे तो कोणी पूर्ण वाचलेला नव्हता, आणि ज्यांनी वाचलेला नव्हता तेच त्याचा अर्थ सांगत असत.

या ग्रंथाच्या दारात वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मावशी येऊन उभी राहिली. मावशी ही चार नंबरच्या वॉर्डातील मदतनीस. चादरी बदलणे, शौचाची भांडी देणे, अंग पुसणे, कुशीवर वळवणे, आणि माणूस गेला की त्याला शेवटचे नीटनेटके करणे, ही तिची बावीस वर्षांची चाकरी. तिला नाव होते. ते पगारपत्रकात सुखरूप होते. बाकी रुग्णांपासून शल्यविशारदांपर्यंत सर्वांना ती मावशीच होती.

सेवेत असलेल्यांसाठी विद्यालयात काही जागा राखून ठेवलेल्या होत्या. प्रवेशासाठी बारावीचे प्रमाणपत्र हवे होते; ते तिने बाहेरून परीक्षा देऊन मिळवले. वीस किलो वजन उचलता येते, असे वैद्यकीय प्रमाणपत्र हवे होते. ज्या डॉक्टरांनी ते दिले, त्यांना घसरून पडल्यावर तिनेच उचलून खाटेवर ठेवले होते, आणि त्यांचे वजन शहाण्णव किलो होते. शेवटी मुलाखत झाली. समितीच्या अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "रुग्णसेवेचा पूर्वानुभव?"

"बावीस वर्षं."

"कुठला?"

"इथलाच, साहेब. खालच्या मजल्यावरचा. तुमचे वडील होते तेव्हा त्यांना भांडं मीच देत होते."

अध्यक्षांना खोकला आला. तो ओसरल्यावर ते म्हणाले, "मदतनीस म्हणून घेतलेला अनुभव ग्राह्य धरता येत नाही."

"मग नाही म्हणून लिहा."

"तसंही लिहिता येत नाही. अनुभव नसेल तर राखीव जागेतून प्रवेश नाही."

समितीने बराच वेळ विचारविनिमय केला आणि अर्जावर लिहिले, 'अनुभव आहे, धरलेला नाही.' असा तिला प्रवेश मिळाला.

ग्रंथाच्या चौथ्या कलमात मात्र एक अट होती. अंतिम मूल्यमापनाच्या दिवशी सेवारत उमेदवाराचे वय पंचेचाळीस वर्षांहून अधिक नसावे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपता संपता मावशीला पंचेचाळीस पुरी व्हायला पाच महिने उरणार होते. म्हणजे संधी ही एकच. हुकली तर जन्मभर भांडी.

आता या वयात हा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न सर्वांत आधी तिच्या नणंदेला पडला. "वहिनी, या वयात लोक चष्म्याचा नंबर बदलतात. तुम्ही आयुष्य बदलायला निघालात!" खरे उत्तर घरात सांगण्याजोगे नव्हते. सहा वर्षांपूर्वी नऊ नंबरच्या खाटेवर शिवणकाम करणारी एक बाई होती. तिचे अंग पुसताना मावशीच्या हाताला चटका बसला. तिने धावत जाऊन सांगितले. ड्यूटीवरच्या मुलीने तक्ता पाहिला आणि म्हणाली, "मावशी, नॉर्मल आहे. लिहिलंय ना इथं." लिहिलेले होतेच. दुपारी बारा वाजताच दोन, सहा आणि दहा वाजताचे तापमान एकाच शाईने, एकाच वळणात लिहून ठेवलेले होते. तिसऱ्या दिवशी त्या बाईला शेवटचे नीटनेटके मावशीनेच केले. तेव्हापासून तिच्या मनात दोन गोष्टी ठाण मांडून बसल्या. एक, त्या तक्त्यावर लिहिण्याचा अधिकार आपल्याला हवा. आणि दुसरी, न पाहिलेले कधी लिहायचे नाही, लिहू द्यायचे नाही.

विद्यालयाच्या पहिल्या दिवशी नखांची तपासणी झाली. ती करणाऱ्या शिक्षिकेला विद्यार्थिनी मॅडम म्हणत. मॅडमचे वय छत्तीस. पंधरा वर्षांपूर्वी त्या याच विद्यालयात शिकल्या, चार नंबरच्या वॉर्डात मावशीच्या हाताखाली चादरीचे कोपरे दुमडायला शिकल्या, आणि नंतर रुग्णांपासून उत्तरोत्तर दूर जात अध्यापनाच्या उच्च पदाला पोहोचल्या. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी रुग्णाला स्पर्श केलेला नव्हता. त्यांची स्वतःची नखे लांब, निमुळती आणि फिकट गुलाबी होती. शिक्षिकेच्या नखांविषयी ग्रंथ मौन पाळून होता.

"वीत वीत वाढलीत!" एकेका मुलीच्या बोटांवर पट्टी टेकवत त्या म्हणत. मावशीपुढे आल्यावर त्या क्षणभर अडखळल्या. पूर्वी त्या हिला 'मावशी, तू' म्हणत. आता 'विद्यार्थिनी' म्हणावे लागणार होते. "तुमची ठीक आहेत," एवढेच म्हणून त्या पुढे गेल्या.

मग कौशल्यवही वाटण्यात आली. हे त्या अभ्यासक्रमाचे हृदय. कौशल्ये चौसष्ट, आणि प्रत्येकापुढे तीन चौकोन: 'पाहिले', 'साहाय्याने केले', 'स्वतंत्रपणे केले'. एकूण एकशे ब्याण्णव सह्या. पहिला चौकोन भरल्यावाचून दुसऱ्याला आणि दुसरा भरल्यावाचून तिसऱ्याला अस्तित्व नाही. दाखवणारी व्यक्ती अर्हताप्राप्त असावी, आणि पाहणारीने दाखवताना हात लावू नये. जिने हजारो खाटा घातल्या ती मावशी हात मागे बांधून उभी राहिली, आणि मॅडमनी खाट घालून दाखवली. तिचे चारही कोपरे सुटलेले होते. मावशीने पाहिले, मॅडमनी सही केली, आणि मावशीला खाट घालणे ठाऊक नाही, हा दोष एक तृतीयांश दूर झाला.

पुष्कळशी कौशल्ये विद्यालयातील रबरी पुतळ्यावर शिकवली जात. त्या पुतळ्याला मुली राणीसाहेब म्हणत. राणीसाहेबांचा उजवा हात सात वर्षांपूर्वी दुरुस्तीस गेला होता आणि अजून परतला नव्हता. त्यामुळे त्या विद्यालयातून बाहेर पडणारी प्रत्येक परिचारिका नाडी डाव्या मनगटावरच शोधत असे.

फक्त एक कौशल्य राणीसाहेबांवर चालत नव्हते. एकसष्टावे: मृत्यूनंतरची शरीरसेवा. या संदर्भात एकदा विचारणा झाली होती, तेव्हा वरून लेखी उत्तर आले की, सदर पुतळा कधीही जिवंत नसल्याने त्याचा मृत्यू ग्राह्य धरता येत नाही.

आणि नेमके इथेच मावशीचे गाडे अडले. चार नंबरच्या वॉर्डात माणूस गेला की परिचारिकांना एकाएकी फोन आठवत, फायली आठवत, तहान लागे, आणि जी ती म्हणे, "मावशीला बोलवा." विद्यार्थिनी झाल्यावरही त्यात खंड पडला नाही. वर्गातल्या अठ्ठावीस मुलींनी मावशीला करताना पाहिले. मुख्य सिस्टरांनी त्या सर्वांच्या वहीत 'मी दाखविले' अशी सही ठोकली. त्या वेळी सिस्टर चहा घेत होत्या, पण चहाचा उल्लेख करायला वहीत रकाना नव्हता. म्हणून त्या सर्वच्या सर्व मुलींचा पहिला चौकोन भरला. रिकामा राहिला तो एकटीचा. जे काम ती रोज करीत होती, ते दुसऱ्या कोणाला करताना तिने दोन वर्षांत, किंबहुना चोवीस वर्षांत, पाहिलेलेच नव्हते.

अंतिम मूल्यमापनाच्या अर्जाची छाननी एका लिपिकाकडे होती. मुली त्यांना चौकोनबुवा म्हणत. त्यांनी पेन्सिलीचे टोक वहीच्या रकान्यांवरून खाली खाली आणले आणि एका जागी थांबवले.

"एकसष्ट रिकामा."

"साहेब, ते तर मी चोवीस वर्षं करत आलेय."

"केलं असेल. पाहिलंय का?"

"मीच करते तर मला कसं दिसणार? आरसा लावू समोर?"

"आरसा चालत नाही," चौकोनबुवा गांभीर्याने म्हणाले. "दाखवणारा अर्हताप्राप्त असावा. पुढच्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत. नाहीतर अर्ज बाद."

घरी नणंदेने हे ऐकले आणि हातातली वाटी खाली ठेवली. "म्हणजे वहिनी, तुम्ही पास व्हायला आता कोणीतरी मरायला हवं? बरा आहे हो तुमचा अभ्यासक्रम!"

दुसऱ्या दिवशी मुख्य सिस्टरांनी उपाय सुचवला. "द्या ती वही इकडं. करते सही. अठ्ठावीस जणींच्या केल्यात, एकोणतिसावी जड आहे का?"

"त्यांनी पाहिलं होतं, सिस्टर."

"कोणाला पाहिलं होतं?"

"मला."

"मग त्यांचं चालतं आणि ज्यांना पाहून चालतं त्यांचंच चालत नाही? मावशी, इतकी सत्यवादी माणसं भिंतीवर फोटोत असतात. द्या वही!"

मावशीने वही छातीशी धरली आणि ती मॅडमच्या दालनात गेली. "मॅडम, नियमपुस्तिकेत एकाहत्तराव्या पानावर लिहिलंय. शिक्षिकेने प्रत्येक कौशल्य स्वतः दाखवावे. तुम्ही दाखवा."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग नखांहून फिका झाला. "माझी लेक्चर्स असतात हो."

"मरण वेळापत्रक बघून येत नाही. आलं की फोन करते."

त्यानंतर एक चमत्कार झाला. त्या आठवड्यात चार नंबरच्या वॉर्डाने आरोग्याचा उच्चांक गाठला. ज्यांची डॉक्टरांनी आशा सोडून दिली होती, ते उठून बसले आणि जेवणाविषयी तक्रार करू लागले. वॉर्डाला बिचाऱ्याला ठाऊक नव्हते की त्याने मावशीचा घात मांडला आहे. मावशी सर्वांना पूर्वीसारखेच कुशीवर वळवत होती, पाणी पाजत होती. पण मंगळवारी सकाळी सोळा नंबरच्या खाटेशी ती क्षणभर अधिक रेंगाळली, आणि आपण काय मोजत आहोत हे ध्यानात येताच तिला स्वतःची अशी किळस आली की ती मोरीत जाऊन कोपरांपर्यंत हात धूत राहिली.

सोळा नंबरवर घड्याळवाले आजोबा होते. जन्मभर लोकांची घड्याळे दुरुस्त केलेले, आता स्वतःचे हृदय दुरुस्तीपलीकडे गेलेले. सिस्टरांचा आवाज मोठा असल्याने वॉर्डात कोणतीही गोष्ट खाजगी राहत नसे.

"मावशी, तुझं काहीतरी माझ्यापायी अडलंय म्हणे?"

"कोण म्हणतं? गप पडून राहा."

"अख्खा वॉर्ड म्हणतो. मुदत कधीची?"

तिने चादर सारखी केली. आजोबांनीच छताकडे पाहत हिशेब केला. "शुक्रवार. मी गिऱ्हाइकाला दिलेली वेळ कधी चुकवली नाही हं."

"चुकवा की, आजोबा," मावशी म्हणाली. "जन्मात एकदा तरी चुकवा."

"बघू. आणि हे बघ, माझे दात नीट बसव. लेक येईल. तिला बोळकं दिसायला नको."

गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी आजोबा गेले. डॉक्टरांनी तपासले, लेकीला कळवले. ती बाहेर बाकावर येऊन बसली. मावशीने फोन केला.

मॅडम आल्या त्या हातात तपासणी-यादी घेऊनच. पडदे ओढले गेले. मावशी भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभी राहिली. मॅडमनी यादीतील पहिले कलम वाचले. ती यादी कोणीतरी अंगस्नानाच्या यादीवरून उतरवलेली होती, आणि उतरवताना शीर्षकाखेरीज फारसे काही बदललेले नव्हते.

"नमस्कार," मॅडम आजोबांना म्हणाल्या. "मी आपली परिचारिका. मी आता आपली शरीरसेवा करणार आहे. आपली संमती आहे का?" यादीत पुढे लिहिले होते, 'उत्तर मिळेपर्यंत थांबावे.' मॅडम थांबल्या.

बराच वेळ गेला.

"मॅडम," मावशी भिंतीपासून म्हणाली, "ते नाही म्हणायचे नाहीत."

मॅडमनी घाम पुसला आणि पुढचे कलम पाहिले. हनुवटीला आधार देण्यासाठी त्यांनी पट्टी उचलली. दात वाटीतच होते. मावशीने ओठ आवळले. मॅडमनी पट्टी खाली ठेवली, वर उचलली, पुन्हा ठेवली, आणि डोळ्यांकडे वळल्या. पापणी बोटांच्या पेराने, हलकेच, थोडा वेळ दाबून मिटायची असते. मॅडमनी पेर टेकवण्याचा प्रयत्न केला. पण पेराच्या आधी नख पोहोचले. पापणीच्या पातळ कातडीवर एक बारीक ओरखडा उमटला. मॅडमनी दचकून हात काढला. पापणी अर्धी उघडी राहिली. बाहेरून लेकीचा आवाज आला, "आत येऊ का हो?"

मावशीला सर्व ठाऊक होते. हात लागला की 'पाहिले' गेले. 'पाहिले' गेले की उद्याचा शुक्रवार गेला. शुक्रवार गेला की चौथे कलम, आणि नऊ नंबरच्या खाटेचा तक्ता जन्मभर दुसऱ्याच कोणाच्या हाती. हे सारे तिने नीट आठवले. मग तिचे हात पाठीमागून पुढे आले.

"हो बाजूला, पोरी."

ती खाटेशी वाकली. "आजोबा, मी आहे हं. डोळे मिटते आता." दोन्ही पापण्या तिने पेराखाली धरल्या आणि मनातल्या मनात शंभर आकडे मोजले. मग दात धुऊन बसवले, हनुवटी सावरली, डोक्याखाली उशी दिली, नळ्या काढल्या, कोमट पाण्याने अंग पुसले. प्रत्येक वेळी आधी ती त्यांना सांगत होती: आता कुशीवर घेते, आता हात उचलते, पाणी गार नाही ना. शेवटी तिने त्यांचे केस विंचरले आणि ओरखड्यावर ओल्या कापसाने हलकेच टिपले. मॅडम भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांचे हात केव्हा मागे गेले होते, हे त्यांनाही कळले नव्हते.

लेक आत आली. तिने वडिलांकडे पाहिले आणि म्हणाली, "दुपारची झोप काढतात तसेच दिसतात." मग ती रडली. दोघी बाहेर आल्या.

"मावशी," मॅडम जिन्याजवळ थांबल्या, "मी हे कधी केलंच नाही गं. माझ्या वेळीही तूच केलं होतंस. मी पाणी प्यायला गेले होते."

"ठाऊक आहे. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं."

मॅडमनी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, "दे वही. मी दाखवलं, तू पाहिलंस, असं लिहिते. कोणाला कळणार आहे?"

"नको. नऊ नंबरच्या बाईलाही असंच लिहून मारलं. लिहायचंच असेल तर झालं ते लिही."

"झालं ते लिहिलं तर तुझी संधी जाईल."

"जाईल. पण लिहिलेलं राहील."

मॅडमनी जिन्याच्या कठड्यावर वही टेकवली आणि एकसष्टाव्या कौशल्याच्या पहिल्या चौकोनात मावेल एवढ्या बारीक अक्षरात लिहिले: 'विद्यार्थिनीने केले. शिक्षिकेने पाहिले.' खाली सही आणि तारीख. अध्यापनाच्या अकरा वर्षांत त्यांनी हजारो सह्या केल्या होत्या. ही करण्याआधी त्यांनी लिहिलेले एकदा वाचून पाहिले.

शुक्रवारी पाचला दहा मिनिटे कमी असताना मावशीने वही चौकोनबुवांपुढे ठेवली. पेन्सिलीचे टोक एकशे ब्याण्णव चौकोनांची यात्रा करीत खाली आले. एकसष्टाव्यावर क्षणभर थांबले आणि पुढे निघाले.

"आहे. भरलंय."

मावशीला राहवेना. "साहेब, काय लिहिलंय ते वाचा तरी."

"वाचणं माझ्याकडे नाही," चौकोनबुवा म्हणाले. "माझ्याकडे रिकामं आहे की नाही, एवढंच."

आणि त्यांनी त्यावर 'पडताळले' असा शिक्का मारला. खोट्या अठ्ठावीस सह्या ज्या वाटेने गेल्या, त्याच वाटेने ते एक खरे वाक्य निमूटपणे पुढे गेले. आणि त्या कचेरीत इतक्या वर्षांनी सत्याचा प्रवेश झाला, याची कोणालाही खबर लागली नाही. 'साहाय्याने' आणि 'स्वतंत्रपणे' या दोन चौकोनांत मुख्य सिस्टरांनी मागेच सह्या केलेल्या होत्या, त्या तर पहिल्यावाचून असूच शकत नव्हत्या. पण ते चौकोनही रिकामे नव्हते.

अंतिम मूल्यमापनात मावशीने राणीसाहेबांना स्वतःची ओळख करून दिली, संमती विचारली आणि डाव्या मनगटावर नाडी पाहिली. ती उत्तीर्ण झाली. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिले, 'मृत्यूनंतरच्या सेवेचा सराव वाढवावा.'

चार नंबरच्या वॉर्डात ती परत आली ती पांढऱ्या गणवेशात. लोक अजून मावशीच म्हणत. नऊ नंबरच्या खाटेवर एक गवंडी होता. तिने तापमापक लावला, काढला, पाहिला, आणि दोन वाजताच्या रकान्यात लिहिले. सहाचा आणि दहाचा रकाना रिकामा ठेवला. मुख्य सिस्टर म्हणाल्या, "हे दोन राहिले की हो!"

"राहू द्या. अजून वाजलेत कुठं?"

महिन्याभराने एका दुपारी अकरा नंबरवरची म्हातारी गेली. मावशीने कोमट पाणी काढले, पडदा ओढला, आणि वळून पाहते तो दारात मॅडम उभ्या. हातात यादी नव्हती.

"कोणी बोलावलं तुम्हाला?"

"कोणी नाही. माझं पाहून झालंय," मॅडम म्हणाल्या. "पुढचा रकाना 'साहाय्याने' असाच आहे ना?"

मावशीने पाण्याचे भांडे खाली ठेवले. "हात बघू."

मॅडमनी दोन्ही हात पुढे केले, आधी पालथे, मग उताणे, पहिल्या वर्षाच्या मुली करतात तसे. गुलाबी रंग गेला होता. मावशीने एकेक बोट नीट पाहिले आणि खिशातून कात्री काढून पुढे केली.

"उजवा अंगठा राहिलाय. कापून ये. मी थांबते."